बदलशी कवय?

यादी तिकिटाच्या पाठीवर लिहिली,
पारोळ्याच्या पुढं गाडी रिकामी झाली तेव्हा.
ट्रायसूट. गॉगल. टोपी. हेल्मेट. बूट.
नंबर लावायचा पट्टा.
समोर किमती मांडल्या, बेरीज केली,
आणि खाली सवयीनं लिहिलं :
बाकी देणे.

पार्सल आलं ते दोन दिवस फोडलंच नाही.
फोडलं तर मीडियम म्हणजे कोणाचं मीडियम, कळेना.
एक पाय घालता घालता दोंडाईचा आलं,
दुसरा शहाद्याला पोचलाच नाही,
मांडीपाशी गाडी फेल.
परत पाठवला.

मग पाचव्या गल्लीत, झुलालनानांकडे.
चौदा वर्षं माझी खाकी तेच शिवतात.
वहीत माझं पान आहे,
कमरेचा आकडा चारदा खोडलेला.
सुरतेहून मागवलेलं काळं कापड
नानांनी दोन बोटांत ताणलं, सोडलं. चट्.
"हाऊ कपडा शे का कातडं?"
मी सांगितलं, आधी तलावात पोहायचं,
मग सायकल कुसुंब्याच्या अंगानं, जाऊन येऊन वीस किलोमीटर,
मग पाच किलोमीटर पळायचं. सगळं ह्यातच.
नाना चष्म्यावरून बघत राहिले.
"मंग बदलशी कवय?"

बदलायचंच नाही, नाना.
ओलं अंगावर वाळेल.
एप्रिलातलं धुळं आहे, कितीसा वेळ लागणार?

मागं कमरेवर एक खिसा हवा होता.
कशासाठी?
केळासाठी.
नानांनी पोराला चौकातल्या गाडीवर पिटाळलं,
रावेरचं केळ आलं, टेबलावर आडवं ठेवून
टेप लावली. साडेसात. बाक धरला तर आठ.
माझ्या छाती-कंबर-मांडीखाली
वहीत लिहिलं : केळ.
आणि मापाचं काम झाल्यावर
सोलून अर्धं मला दिलं.

बुटांच्या नाड्या काढून टाकल्या,
ओल्या बोटांनी गाठ कोण मारत बसेल?
परकराचं पांढरं इलास्टिक ओवलं.
पट्टाही विकत घेतला नाही.
तिकीट मशीनचा जुना पट्टा कपाटात होता,
खांद्यावरचा वळ त्याचाच.
त्याला कमरेवर घेतलं, दोन सेफ्टी पिना लावल्या.
आता ओझं नाही, नुसता आकडा.
सायकल बेडसे सरांची, सीट खाली करून.
हेल्मेट तेवढं नवं.
डोक्याच्या बाबतीत उसनवारी नको,
असं सिकंदर तडवी म्हणाला,
जो स्वतः मोटारसायकलवर
उघड्या डोक्यानं डेपोत येतो.

कापडण्याच्या विहिरीत शिकले तेव्हा
सामान एवढंच होतं :
पाठीला सुका भोपळा, परकराचा कासोटा
आणि काठावर दोर धरून आत्या.
गॉगल नव्हता. डोळे उघडे ठेवायचे,
हिरवं दिसायचं.

रविवारी डेपोच्या मागं, गाड्या धुतात तिथं,
तडवीनं अंगावर दोन बादल्या ओतल्या
आणि मोबाइल काढला. चल!
टोपी काढ, गॉगल काढ, हेल्मेट, बूट, पट्टा.
पट्टा उलटा. नंबर पाठीमागं गेला. पुन्हा.
"तीन मिनिटं चाळीस," तो म्हणाला,
"एवढ्यात मी शिरपूरला चहा पिऊन
गाडी फलाटावरून काढतो."
चौथ्या वेळेला एक मिनिट पन्नास.
वर्कशॉपची पोरं हसायची थांबली होती,
एक जण तर पंप घेऊन उभा.

नानांनी शिलाई घेतली नाही.
"पहिले फाटस का नही ते दखू. मंग पैसा."

आता सगळं खाटेवर ओळीनं मांडलंय,
डोक्याकडं टोपी, पायाकडं बूट,
मध्ये काळा सूट हात पसरून पडलाय.
माझ्याआधीच दमल्यासारखा.
दिवा मालवते.
उद्या पहाटे नकाण्यावर काठाला उभी राहीन तेव्हा
कोण काय बघेल ते बघो.
पाणी थंड असेल, एवढं मला माहीत आहे.

केळ सकाळी घेईन.
आत्ता खिशात ठेवलं
तर हर्षाली खाऊन टाकेल.